एकवीस बॉम्ब, एक खड्डा आणि चुकीचा हिशेब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला फॉकलंड युद्धावरचा (दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांसाठी ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यात झालेल्या युद्धावरचा) लेख आस्थेने लिहिलेला आहे. मात्र 1 मे 1982 च्या पहाटे ब्रिटिश व्हल्कन या बॉम्बफेकी विमानाने बेटांची राजधानी पोर्ट स्टॅन्ली इथल्या विमानतळावर जो हल्ला केला, तो लेखकाने एका वाक्यात निकालात काढला आहे. एकवीस बॉम्ब टाकले, धावपट्टीवर एकच पडला, म्हणजे वीस वाया गेले, असा तो हिशेब. तो चुकीचा आहे. तरीही तो वारंवार छापला जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्टॅन्लीची धावपट्टी तेव्हा सुमारे 1,250 मीटर लांब आणि साधारण 45 मीटर रुंद होती. विमान तिच्या लांबीला धरून सरळ उडाले असते तर सगळे बॉम्ब तिच्यावरच पडले असते, असे वाचणाऱ्याला सहज वाटते. पण तसे उडताना नेम डावीकडे किंवा उजवीकडे पंचवीस मीटर जरी सरकला तरी एकवीसच्या एकवीस बॉम्ब बाजूच्या मातीत जातात. रात्रीची वेळ, दहा हजार फूट उंची आणि 1950 च्या दशकातली रडार व विद्युत-यांत्रिक गणकयंत्रे यांच्या भरवशावर इतका बारीक नेम साधणे शक्यच नव्हते. काटकोनात आडवे जायचे तर दुसरी अडचण येते. दोन बॉम्बांमधले अंतर साधारण 45 ते 50 मीटर ठेवले, तर एक धावपट्टीच्या अलीकडे आणि पुढचा पलीकडे पडून मधली पट्टी कोरी राहू शकते.

म्हणून सुमारे 35 अंशांचा तिरका छेद निवडला गेला. या कोनात 45 मीटरची पट्टी ओलांडायला जवळपास 78 मीटर लागतात, आणि तेवढ्यात एकामागोमाग सुटणाऱ्या बॉम्बांच्या माळेतला किमान एक आणि फार तर दोन बॉम्ब बसतात. उरलेले बॉम्ब नेमातली चूक पोटात घेण्यासाठी असतात. एकवीस बॉम्बांची माळ जमिनीवर जवळपास एक किलोमीटर पसरते. त्यामुळे बॉम्ब अर्धा-एक सेकंद लवकर किंवा उशिरा सुटले तरी माळेचा कुठला तरी मणी पट्टीवर येतोच. सेकंदाला साधारण 170 मीटर वेग असलेल्या विमानात अर्धा सेकंद म्हणजे 85 मीटर! योजनाच एका, फार तर दोन खड्ड्यांची होती. प्रत्यक्षात मात्र माळेच्या सुरुवातीचाच बॉम्ब पट्टीच्या मध्यभागी बसला आणि बाकीचे नैर्ऋत्येकडे पडत गेले. याचा अर्थ नेमातल्या चुकीसाठी ठेवलेली सवलत जवळजवळ सगळी वापरली गेली होती. टीका करायची तर या मुद्द्यावर करावी.

उंचीचाही विचार हवा. खूप खालून टाकलेला साधा बॉम्ब आडवा येतो आणि डांबरावरून घसरतो किंवा उसळतो. हजार पौंडांचा बॉम्ब तीन किलोमीटरवरून आला तर तो पंचवीसेक सेकंद वेग घेत, नाक खाली करून येतो, पृष्ठभाग फोडून आत शिरतो आणि विलंबित फ्यूजमुळे, म्हणजे स्फोट किंचित उशिरा घडवणाऱ्या कळीमुळे, जमिनीखाली फुटतो. वरून दिसणाऱ्या खड्ड्यापेक्षा आजूबाजूचा फुगलेला, पोकळ झालेला भाग जास्त त्रास देतो. दहा हजार फुटांवर विमानवेधी तोफांचा धोकाही बराच कमी होतो. शिवाय पंखाखाली रडार भरकटवणारे उपकरण लावले होते. रडारच्या नजरेत येऊ नये म्हणून व्हल्कनने शेवटच्या टप्प्यात समुद्रावरून सुमारे 300 फुटांवर उडत मजल मारली आणि बेटाजवळ आल्यावर एकदम वर झेप घेतली. सपाट धावपट्टी रडारच्या पडद्यावर उठून दिसत नाही, म्हणून किनाऱ्यावरचे ठळक टोक पकडून तिथून मोजलेल्या दिशेने आणि अंतरावर नेम धरला गेला. पुढच्याच फेरीत, 3-4 मेच्या रात्री, हल्ला 16,000 फुटांवरून झाला आणि धावपट्टीवर एकही बॉम्ब पडला नाही. उंची वाढली की चूक किती वाढते हे त्यात दिसले.

इंधनाचा भाग लेखात नीट आला आहे, एक दुरुस्ती सोडून. अटलांटिकमधल्या असेन्शन बेटापासून, जिथून विमाने उडाली, स्टॅन्ली सुमारे 6,300 किलोमीटर. एका व्हल्कनसाठी अकरा व्हिक्टर टँकर (हवेतच इंधन पुरवणारी विमाने) उडाले, कारण टँकर एकमेकांनाही इंधन देत आणि एकेक करून मागे फिरत. मुख्य व्हल्कनच्या केबिनच्या खिडकीचे रबर नीट बसेना, आतला हवेचा दाब टिकेना, म्हणून ते परतले आणि राखीव विमान, फ्लाइट लेफ्टनंट मार्टिन विदर्स यांचे, पुढे गेले. वादळात एका व्हिक्टरचा इंधन घेणारा दांडा मोडला, तेव्हा पुढे जाणाऱ्या आणि मागे फिरणाऱ्या टँकरांनी भूमिका बदलल्या. मोडलेला तुकडा इंधन देणाऱ्या नळीच्या टोकाच्या टोपलीत अडकला असता तर व्हल्कनला इंधनच घेता आले नसते, म्हणून विदर्स यांनी विमान जवळ नेऊन टोपली तपासली. लेखात शेवटचे इंधन ‘पुरेपूर’ मिळाल्याचे म्हटले आहे. ते ठरल्यापेक्षा कमी मिळाले होते. देणाऱ्या बॉब टक्सफर्ड यांच्या व्हिक्टरकडे तर असेन्शनपर्यंत पोचण्याइतकेही उरले नव्हते, आणि हल्ला झाल्याचा संकेत येईपर्यंत रेडिओवर मदत मागायची सोय नव्हती. संकेत आल्यावर दुसरा टँकर वाटेत येऊन भेटला.

आता खड्ड्याबद्दल, कारण माझ्या मते खरा प्रश्न तिथे आहे. खड्डा नुसता मुरुमाने भरला की वरून पट्टी सपाट दिसते, पण थर धुमसाने किंवा रोलरने दाबले नाहीत तर जड विमानाच्या चाकाखाली तो बसतो. आधी उसळलेले, सैल तुकडे काढावे लागतात, मग मोठा दगड, खडी, प्रत्येक थराला दाब, आणि शेवटी वरचा कडक थर. 1971 मध्ये भुजला स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक यांच्या हाताखाली माधापरच्या सुमारे तीनशे महिलांनी 72 तासांत धावपट्टी दुरुस्त करून पुन्हा उभी केली, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. माणसे, माल आणि मुदत मिळाली तर एका खड्ड्याने विमानतळ कायमचा बंद पडत नाही.

स्टॅन्लीतही तेच झाले. अर्जेंटिनाच्या हर्क्युलिस मालवाहू विमानांची रात्रीची ये-जा युद्ध संपेपर्यंत चालू राहिली. वरून पाहणाऱ्यांची फसगत व्हावी म्हणून पट्टीवर खड्ड्यांसारखी दिसणारी मातीची खोटी वर्तुळेही रचली जात. वेगवान लढाऊ जेट विमाने तिथे तैनात झाली नाहीत हे खरे, पण ती हल्ल्यापूर्वीही नव्हती. पट्टी आखूड होती आणि ती लांबवण्याचे काम झाले नव्हते. म्हणून ‘जेट थोपवली’ हे श्रेय एकट्या त्या खड्ड्याला देताना मी हात आखडता घेईन. लांबी वाढवण्याची वाट मात्र या हल्ल्यांनी आणखी अवघड केली. युद्धानंतर ब्रिटिशांनीच ॲल्युमिनियमच्या पट्ट्या अंथरून ती 6,100 फुटांपर्यंत नेली, तेव्हा कुठे ऑक्टोबर 1982 मध्ये फँटम लढाऊ विमाने तिथे उतरू शकली.

1 मेच्याच सकाळी हर्मिस या ब्रिटिश विमानवाहू जहाजावरून नऊ सी हॅरियर विमानांनी स्टॅन्लीवर हल्ला केला, याचा लेखात उल्लेखही नाही. हेच जहाज पुढे ‘विराट’ म्हणून आपल्या नौदलात आले आणि 2017 मध्ये मुंबईत निवृत्त झाले. मुंबईच्या वाचकांना ही ओळख जवळची वाटली असती.

एक विनंती. हा विषय पुन्हा आला तर सोबत धावपट्टीचा साधा नकाशा छापावा, त्यावर 35 अंशांची रेषा आणि तिच्यावर मापाने एकवीस ठिपके.

आपला,
एक वाचक, पुणे