दिव्याचा विषय सोडून

नाशिक,
रविवार, रात्रीचे साडेअकरा

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

एका भिंतीपलीकडे असलेल्या मुलाला पत्र लिहिण्याची वेळ आपल्या घरात यापूर्वी एकदाच, तुझ्या आजोबांवर आली होती, आणि ते पत्र मला आले होते. संध्याकाळी मी जे बोललो ते फार मोठ्याने बोललो, तेही खालच्या काकू जिन्यात उभ्या असताना, याबद्दल आधी दिलगिरी व्यक्त करतो. बोलण्यातला आशय मात्र मागे घेत नाही. सायकलच्या मागच्या दिव्याचा विषय या पत्रात काढायचा नाही, असे ठरवूनच बसलो आहे.

दर रविवारी दिवेलागणीला तुझ्या सायकलची चेन पुसून तिला तेल देणे हे माझे काम आहे, हे ठाऊक असूनही तू खोटे बोलायला रविवारच निवडलास, याचे मला अजून नवल वाटते. हँडल अर्ध्या बोटाने उजवीकडे कलले होते, उजव्या पेडलवर ताजा ओरखडा होता आणि मडगार्डच्या आत बोटभर चिखल बसला होता. विज्ञानाच्या सराव परीक्षेला एवढा चिखल लागत असेल, तर ती परीक्षा भाताच्या खाचरात घेतली असली पाहिजे. मी विचारल्यावर तू आधी सायकल कोणीतरी पाडली म्हणालीस, मग गप्प झालीस आणि शेवटी एका दमात सगळे सांगून टाकलेस : तिघी मैत्रिणी, त्र्यंबकपर्यंत, जाऊन-येऊन साठ किलोमीटरच्या आसपास, परतताना महिरावणीपाशी मागून आलेल्या ट्रकने अंगावर पाणी उडवले आणि तुझा तोल गेला. ‘लागलं नाही बाबा, खरंच,’ असे म्हणताना तू बाही कोपराखाली ओढत होतीस.

श्रावणात त्या रस्त्यावर भर दुपारीही ढग इतके खाली उतरतात की पुढची गाडी दिसत नाही. ट्रकवाल्याला तू दिसलीस की नाही, एवढाच प्रश्न मी संध्याकाळपासून स्वतःला विचारतो आहे. दिसली असशील तर त्याने वेग कमी का केला नाही, आणि दिसली नसशील तर का दिसली नाहीस? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सीटच्या मागे अडकवता येते आणि ते तीन महिन्यांपासून तुझ्या खणात, वेष्टनातच पडून आहे. असो. हा विषय काढायचा नव्हता.

आता आजोबांच्या पत्राबद्दल. मी तेरा वर्षांचा असताना रंगपंचमीला, वाचनालयात जातो असे सांगून तिवंधा चौकातल्या रहाडीवर गेलो होतो. पेशव्यांच्या काळापासूनचे ते रंगाचे हौद आणि त्यांत उड्या मारण्याची आमची चढाओढ मी तुला शंभरदा सांगितली आहे. पोहता येत नव्हते, हे मात्र सांगितलेले नाही. दोघांनी दंडाला धरून बाहेर काढले. घरी येण्यापूर्वी मित्राकडे तीन वेळा साबण लावून आंघोळ केली, पण कानांच्या मागे रंग राहिला. आजोबांनी पाहिले आणि ते काहीही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या दप्तरात चिठ्ठी होती : ‘तुला बुडता येते हे समजले. पोहता येते की नाही, ते कळवावे.’ त्यानंतरच्या रविवारपासून त्यांनी मला पहाटे गोदावरीवर, आपल्या गंगेवर, न्यायला सुरुवात केली. पोटाखाली त्यांचा एक हात असे, आणि तो त्यांनी कधी काढून घेतला ते मला अजूनही सांगता येणार नाही.

ही गोष्ट तुला काही शिकवण्यासाठी लिहायला घेतली होती. लिहिता लिहिता आजोबांचा हातच तेवढा आठवत राहिला.

तूही एकदा माझ्या खांद्यावर बसून गंगेकडे पाहिले होतेस. २०१६च्या ऑगस्टमधला पूर, तू पाच वर्षांची. दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागले यावरून पूर मोजणारे सगळे नाशिक त्या दिवशी लोटले होते. तू माझे केस घट्ट धरून विचारलेस, ‘मारुतीला पोहता येतं का?’ मी म्हणालो, येतं. ‘मग तो हलत का नाही?’ त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या काळी तुझे सगळे प्रश्न माझ्या डोक्यावरूनच जगात जात. आता ते तू कोणाला विचारतेस, कोण जाणे. दादा चौदाचा झाला तेव्हा गप्प झाला. वर्षभर त्याच्याकडून ‘हं’ याखेरीज काही मिळाले नाही. तू बोलतेस भरपूर, फक्त जिथे जातेस ते सोडून.

शाळेतल्या पालकसभेत आलेल्या डॉक्टरांनी सांगितले होते की धोका तोलणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडतच असतो. म्हणून या वयात परिणामांचा विचार आपोआप होत नाही, तो सवयीने करावा लागतो. घरातून निघताना रस्ता सांगावा, फोन चालू ठेवावा, अंधुक उजेडात सायकलला मागे... पाहा, व्याख्यान सुरू झाले. क्षमा कर. माझा पुढचा भाग घडून पंचवीस वर्षे होत आली, तरी संध्याकाळी जिन्यात ओरडलो तो मीच.

आणखी एक कबुली देतो. दादा याच वयात न विचारता गंगापूर धरणावर सायकलने गेला, तेव्हा मी त्याला दोन शब्द बोललो आणि नंतर चार लोकांत कौतुक केले. तुला तसे केले नाही. हे तुझ्या आईने जेवताना माझ्या लक्षात आणून दिले, आणि तिचे म्हणणे खरे आहे. तू मुलगी आहेस म्हणून मला अधिक भीती वाटते, ही गोष्ट खरी आहे. तिची शिक्षा तुला का, याचे उत्तर माझ्याजवळ नाही.

तुझ्या कपाटाच्या दारावर महाजन बंधूंचे कात्रण आहे. २०१५मध्ये आपल्या गावच्या या दोन डॉक्टरांनी सायकलवरून अमेरिका ओलांडली, तेव्हा तू तीनचाकी चालवत होतीस. ते कात्रण मी आज प्रथमच नीट वाचले. मग दादाला पुण्याला फोन लावला आणि सांगितले, ‘साठ किलोमीटर! अंजनेरीचा चढसुद्धा न उतरता चढली म्हणते.’ तो हसून म्हणाला, ‘बाबा, तुम्ही तक्रार करताय की बढाई मारताय?’ मी फोन आईकडे दिला.

तुझ्या दाराखालून अजून उजेड दिसतो आहे, म्हणजे तू जागी आहेस. हँडल सरळ केले आहे. कोपराला हळद लावलीस का, ते आईला सांग; मला सांगितले नाहीस तरी चालेल. पुढच्या रविवारी पहाटे मीही सायकल काढणार आहे. सातपूरपर्यंत तुमच्याबरोबर येईन, तिथून मी मागे फिरेन आणि तुम्ही तिघी पुढे जा.

तुझे,
बाबा

ता. क. दिव्यात नवे सेल घालून तो सीटखाली बसवला आहे. बटण एकदा दाबले की तो स्थिर लागतो, दोनदा दाबले की लुकलुकतो. पावसात लुकलुकता ठेवावा.