१३८ ला १३८च लिहायचं

आई, बाबा,

रविवारी फोनवर बाबांनी विचारलं की हे शिक्षण संपल्यावर नक्की होणार काय, आणि मी "बघू ना, अजून वेळ आहे" म्हणून विषय बदलला. ते बरोबर नव्हतं. नंतर रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं, कारण बाबांनी काही टोमणा मारला नव्हता, त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. अकरा वर्षांची नर्सची चालू नोकरी सोडून मुलगी चौतिसाव्या वर्षी हेल्थ सायन्सेसचं मास्टर्स करायला बसते, तर ती काय शिकतेय हे आईबापाला कळायला नको का. फोनवर मला नीट बोलता येत नाही, आईचा आवाज ऐकला की निम्मं विसरायलाच होतं, म्हणून लिहितेय.

आधी आईचा प्रश्न. नाही गं आई, यातून मी डॉक्टर नाही होणार. वॉर्डात माझ्यासमोर एका वेळी एक पेशंट असायचा, त्याचं सलाईन, त्याचा ताप, त्याच्या घरच्यांचे प्रश्न. इथे एकदम हजारो माणसांकडे बघायला शिकवतात, म्हणजे कोण आजारी पडतं, कोण पडत नाही, का, आणि आपल्याला जे दिसतंय ते खरं कारण आहे की नुसता योगायोग हे ठरवायचं कसं. पहिल्याच आठवड्यात सरांनी सांगितलं की ज्यांच्या खिशात काडेपेटी असते त्यांना फुफ्फुसाचा कॅन्सर जास्त होतो, मग काडेपेटीने कॅन्सर होतो का? नाही ना, काडेपेटीवाला बहुतेक सिगरेट ओढणारा असतो म्हणून. ऐकायला सोपं वाटतं, पण खऱ्या डेटात अशी लपलेली सिगरेट शोधून काढायला महिनेच्या महिने जातात.

आता एक गोष्ट जी मी तुमच्यापासून लपवली. पहिल्या सेमिस्टरला बायोस्टॅटिस्टिक्समध्ये, म्हणजे आरोग्याच्या आकडेवारीच्या गणितात, मी नापास झाले होते. तुम्हाला "पेपर बरे गेले" एवढंच सांगितलं. बारावीनंतर गणिताला हात लावला नव्हता, आणि वर्गातली मुलं माझ्यापेक्षा दहा बारा वर्षांनी लहान, त्यांच्यासमोर विचारायचा संकोच वाटायचा. दुसऱ्या वेळी रोज पहाटे उठून एकेक गणित हाताने सोडवलं आणि सुटले. आई, त्या काळात तू दोनदा विचारलंस की आवाज असा का येतोय, आणि मी सर्दी झालीय म्हणाले. सॉरी.

पण मला जे सांगायचंय ते पुढेच आहे.

दुसऱ्या सेमिस्टरला मॅडमनी एका दवाखान्यातल्या बीपीच्या नोंदींचा ग्राफ स्क्रीनवर लावला, नाव गाव काही नाही, फक्त वरच्या बीपीचा शेवटचा आकडा किती वेळा काय आलाय. जुन्या पाऱ्याच्या मशीनवर दोन दोनच्या खुणा असतात, त्यामुळे ०, २, ४, ६, ८ हे सगळे साधारण सारखेच यायला हवेत, प्रत्येकी शंभरात वीसच्या आसपास. ग्राफमध्ये मात्र शून्याचा एक उंच मनोरा आणि बाकीचे सगळे बुटके. म्हणजे मोजणाऱ्यांनी १२६ दिसलं तरी १३० लिहिलं होतं, १३८ दिसलं तरी १४०. वर्गातली मुलं आश्चर्य करत होती आणि मी मान खाली घालून बसले, कारण तो मनोरा मी पण बांधलाय. रात्रपाळीला दोघी सिस्टर आणि भरलेला वॉर्ड असायचा, तेव्हा कानाला स्टेथो लावून काटकोनात वाकून मी पण १३०/८० लिहून पुढच्या बेडकडे गेलेय. किती वेळा, ते आठवत नाही. मुद्दाम खोटं नव्हतं ते, घाई होती. पण बऱ्याच ठिकाणी १४० पासून वरचं म्हणजे हाय बीपी धरतात, मग १३८ चं १४० केलं की एका ओळीत निरोगी माणूस पेशंट होतो आणि १४४ चं १४० झालं की कुणाचा त्रास कमी दिसतो.

आणि बाबा, तेव्हा मला तुमची वही आठवली. ती निळ्या पुठ्ठ्याची, सकाळ संध्याकाळ तारखेसकट, १३८/८४, १३१/७९, आणि बाजूला बारीक अक्षरात "जिना चढून आलो", "रात्री झोप नाही". मी तुम्हाला म्हणायचे, बाबा एवढं काय लिहिता, साधारण १४० आहे ना. तुम्ही म्हणायचात, मशीन १३८ दाखवतंय तर १३८च लिहायचं. मी नर्स असून मला ते कळलं नव्हतं.

अशाच वह्यांनी केवढं काम केलंय ते सांगते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ ला मेंदूत रक्तस्राव होऊन गेले, त्या दिवशी त्यांचं वरचं बीपी ३०० च्या पुढे होतं. वय वाढलं की बीपी वाढणारच, त्यात विशेष काही नाही, असं तेव्हा चांगले चांगले डॉक्टरही मानायचे. मग १९४८ मध्ये फ्रॅमिंगहॅम नावाच्या गावात ५२०९ बायका पुरुषांच्या नोंदी ठेवायला सुरुवात झाली, दर दोन वर्षांनी तपासणी, बीपी, कोलेस्टेरॉल, सिगरेट, सगळं. हाय बीपीने हार्टचा धोका वाढतो हे त्या नोंदींमधून ठसठशीत दिसलं, आणि आपण आज सहज म्हणतो तो "रिस्क फॅक्टर" शब्द त्याच अभ्यासामुळे रूढ झाला. पुढे १९७१ मध्ये त्या लोकांची मुलं त्यात आली आणि २००२ पासून नातवंडं. बाबा, तुमची बीपीची गोळी ज्या माहितीवर उभी आहे ती अशा न कंटाळता तपासायला येत राहिलेल्या माणसांनी दिलीय. हे वाचताना मला खरंच भरून आलं होतं.

आई, तुझा तो स्क्रीनिंगचा, म्हणजे काही त्रास नसतानाच करतात त्या तपासणीचा, रिपोर्ट आठवतो? पॉझिटिव्ह आला म्हणून तू रात्रभर रडलीस, पुढच्या तपासणीत काही निघालं नाही, आणि आपण लॅबला नावं ठेवली. समज हजार जणींत दहा जणींना आजार आहे आणि टेस्ट शंभरात नव्वद वेळा बरोबर सांगते. मग आजारी दहातल्या नऊ पकडल्या जातात, पण निरोगी ९९० मधल्या ९९ जणींनाही पॉझिटिव्ह येतं. एकूण १०८ पॉझिटिव्ह आणि खऱ्या आजारी फक्त नऊ. म्हणून पुढची तपासणी चुकवायची नाही आणि ती होईपर्यंत आपला निकाल लागला असंही समजायचं नाही. त्या रात्री मला एवढं माहीत असतं तर मी तुझ्याजवळ बसून कागदावर मांडून दाखवलं असतं.

माझं डिझर्टेशन, म्हणजे मास्टर्सचा प्रबंध, बीपीच्या नोंदींवरच आहे, नोंदी किती खऱ्या आणि घाईच्या पाळीत किती गोल आकड्यांत लिहिल्या जातात त्यावर. अभ्यासात भाग घेणाऱ्या माणसांवर अन्याय होत नाही ना हे बघणाऱ्या एथिक्स कमिटीने पहिल्यांदा परत पाठवलं, म्हणाले संमतीपत्र समजत नाही. मला राग आला होता, पण मग वर्गात शिकवलेलं आठवलं की अमेरिकेत १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सिफिलिस झालेल्या गरीब कृष्णवर्णीय माणसांना न सांगता, पेनिसिलिन मिळत असतानाही न देता नुसतं बघत ठेवलं होतं. कमिट्या इतक्या कडक असतात त्याला असा इतिहास आहे. मग मी ते पत्र आईला वाचून दाखवतेय असं समजून परत लिहिलं. "तुम्ही कधीही नाही म्हणू शकता, आणि नाही म्हणालात तरी तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही." याआधी तिथे चार ओळींचं एक वाक्य होतं. मागच्या मंगळवारी मंजुरी आली.

बाबा, नोकरीचं खरं सांगायचं तर पगार लगेच वाढेलच असं नाही. रिसर्च प्रोजेक्टवर, हॉस्पिटलच्या क्वालिटी विभागात, पब्लिक हेल्थमध्ये किंवा शिकवायला, यापैकी काहीतरी करता येईल. मला मनापासून परत हॉस्पिटलमध्येच जायचंय, पण रात्रपाळीच्या सिस्टरला खरा आकडा लिहायला वेळ मिळेल अशी व्यवस्था लावायच्या कामावर.

आणि वहीचं. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय नको, हात टेबलावर छातीच्या उंचीला, आणि मोजताना आईशी बोलायचं नाही. एक मिनिट थांबून दुसऱ्यांदा मोजा आणि दोन्ही लिहा. जिना चढून आल्यावर लगेच मोजू नका. आईचंही एक पान सुरू करा, ती नाही म्हणेल, तरी करा.

निळी वही भरली असेल तर टाकू नका, मी सुट्टीत येईन तेव्हा मला पहिल्या पानापासून बघायचीय.

तुमची,
चिऊ