गुऱ्हाळातला ‘ऱ्ह’ सांभाळणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

नाव मुद्दाम लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही. कोल्हापुरात राजारामपुरीत झेरॉक्स आणि लग्नपत्रिकांचं दुकान, आत कोपऱ्यात कॉम्प्युटर, एवढं बास, ज्याला कळायचं त्याला कळतंय. परवा आमच्या वडिलांच्या, आण्णांच्या, गुऱ्हाळावरच्या लिखाणाची प्रिंट घेऊन निघालो तेव्हा नीट थँक्यू पण म्हणलो नाही, घसा दाटला होता आणि मागं गिऱ्हाईक उभं होतं, म्हणून हे लिहायला बसलोय.

आमचे आण्णा शाळामास्तर. रिटायर झाल्यावर माणसं देवाधर्माला लागतात, हे सायकल काढून गुऱ्हाळं हिंडायला लागले. चुलवाण, काहील, मळी, चिपाड हे शब्द आपल्याकडं कुणालाही ठाऊक असतात, पण गुळव्या, म्हणजे गूळ करणारा, पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघतो तेव्हा तोंडानं काय पुटपुटतो, रस साफ करायला भेंडीचं पाणी कधी सोडायचं, कुठल्या गावात कशाला काय म्हणतात, असलं सगळं ते लिहून ठेवायचे. १९९८ मध्ये एका डीटीपीवाल्याकडं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर जुळवणाऱ्याकडं, शेजारी बसून टाइप करून घेतलं. पुस्तक निघालं नाही ते नाहीच, पुढं आण्णाही गेले. वह्या होत्या म्हणून फायलींकडं कुणी बघितलंच नाही, आणि २०१९ च्या पुरात शाहूपुरीतल्या घरात पाणी शिरलं तेव्हा ट्रंकेतल्या त्या वह्यांचा पार लगदा झाला. राहिली फक्त माळ्यावरची त्या फायलींची एक सीडी.

आता तुमच्याआधी काय काय झालं ते पण सांगतो, नाहीतर तुम्ही केलं त्याची किंमत कळायची नाही. पहिल्या दुकानात पोरानं डबल क्लिक केलं, फाईल उघडली नाही, लगेच ‘करप्ट आहे काका’. बास, तपासणी संपली. दुसऱ्या एका मोठ्या एसीच्या ऑफिसात पंधराशे रुपये घेतले, चार दिवस थांबवलं आणि हातात पीडीएफ दिली, तीत नुसती इंग्रजी अक्षरं, टिंबं, टोप्या आणि खुणा. मी म्हणलं अहो हे मराठी होतं, तर म्हणाले ‘फाईलमध्ये आहे तेच आलंय’. वर सल्ला, एवढं काय त्यात, परत लिहून काढा की! कोण लिहिणार? आण्णांना उठवून आणू?

तुम्ही पहिल्यांदा सीडी उजेडात धरून बघितली, फडक्यानं पुसली आणि म्हणालात, ‘आधी कॉपी करून ठेवते, मूळ फायलींना हात लावायचा नाही.’ तिथंच मला बरं वाटलं. मग तुम्ही सांगितलं की करप्ट बिरप्ट काही नाही, काही फायली वर्ड ९५ च्या आहेत, तसले जुने फॉरमॅट नव्या वर्डमध्ये ब्लॉक केलेले असतात, आणि काही मायक्रोसॉफ्ट वर्क्सच्या, तो प्रोग्रॅमच कधीचा बंद झालाय. लिब्रे ऑफिस म्हणून फुकटचं मिळतं त्यात दोन्ही उघडल्या. म्हणजे पंधराशे रुपये कशाचे घेतले होते देव जाणे.

उघडल्यावर आधी तोच टिंबा-टोप्यांचा कारभार दिसला आणि मी हाय खाल्ली. तुम्ही हसलात. म्हणालात त्या काळात डीटीपीत युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर चालणारी अक्षरांची एकच मांडणी, कुठलं, इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठीचे तुकडे बसवलेले, अर्धा क एका कीवर, काना दुसरीवर, वेलांटी तिसरीवर, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. तुमच्या जुन्या हार्डडिस्कवर तो फॉन्ट निघाला. तुम्ही मजकूर सिलेक्ट करून तो लावला आणि त्या कचऱ्यातून एकदम ‘गुळव्या’ वर आला. माझ्या आण्णांचा गुळव्या. ते मला मरेपर्यंत दिसत राहणार.

पण मी लिहायला बसलो ते यासाठी पण नाही.

दोन दिवसांनी रात्री साडेनऊला तुमचा फोन आला, मागं कुकरची शिट्टी ऐकू येत होती. म्हणालात, दादा, जुन्या फॉन्टातलं युनिकोड करताना ‘ऱ्ह’ सगळीकडं बिघडलाय, ‘गुऱ्हाळ’चं ‘गुर्हाळ’ झालंय, ह वर रफार बसलाय, ते मी हातानं एकेक करून नीट केलं, पण एका शब्दाला अडलेय, चुलवाणात चिपाड घालणारा ‘जळव्या’ की ‘जाळव्या’? काना मुळातच नाही का कन्व्हर्ट करताना उडाला? मी म्हणलं ताई, काहीही चालतंय. तुम्ही म्हणालात, ‘चालतंय कसं? आण्णा काय म्हणायचे ते सांगा.’

मला येत नव्हतं. खरंच सांगतो, लाज वाटली. तसाच गावाकडं कागल तालुक्यात चुलत्यांना फोन लावला, वय ब्याऐंशी, झोपले होते. त्यांनी शिवी हासडली आणि मग पाऊण तास बोलत बसले, कुणाच्या गुऱ्हाळावर कोण जळव्या होता, कुणाची काहील करपली, आण्णा लहानपणी काकवी चोरून कसे खायचे, मी कधी ऐकलंच नव्हतं यातलं. जळव्याच निघाला. काना नव्हताच.

शंभरावर ‘गुऱ्हाळ’ हातानं दुरुस्त करायला तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, केलं नसतं तर मला पत्ता पण लागला नसता. लोक मशीनला, सॉफ्टवेअरला नावं ठेवतात, पण माझा अनुभव असा की तीनही ठिकाणी कॉम्प्युटर होताच, समोर बसलेल्या माणसाला ते आपलं वाटलं का नाही, एवढाच फरक. आणि तुम्ही घेतले किती, तीनशे! त्यात प्रिंटा पण आल्या.

तर दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटली की काकवीची कळशी घेऊन येणार आहे, कामाच्या पोराला सांगून ठेवा, परत पाठवायची नाही. आणि ताई, रागावू नका, त्याच सीडीवर ‘शेतीची अवजारं’ म्हणून अजून एक फोल्डर सापडलंय.