विमानाचाही सातबारा असतो

शॅनन (आयर्लंड), रविवार

तीर्थरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर रोज बोलणं होतं, मग पत्र कशाला, असं आई म्हणेल. पण फोनवर बाबा दोन मिनिटांत "घे, आईशी बोल" म्हणतात, आणि नागपूर विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पात गेलेल्या आपल्या वावराचा विषय निघाला की आपण तिघंही गप्प होतो. म्हणून लिहायला बसले.

आधी काळजीचं. खोकला पूर्ण गेला. जेवण वेळेवर होतं, डबा घरूनच नेते. डब्लिनच्या बातम्यांचं म्हणाल, तर 2025 च्या उन्हाळ्यात तिथे आपल्या लोकांवर हल्ले झाले, वकिलातीने सूचनाही काढली, हे मी नाकारत नाही. पण डब्लिन इथून नागपूरहून अकोल्याइतकं लांब आहे. प्रत्येक बातमी मला पाठवून माझा जीव घाबरा करू नका. उशीर झाला तर घरातली केरळची मैत्रीण बसस्टॉपवर येते. मी सावध राहते, खरंच.

इथली एक गोष्ट मात्र मला कित्येक दिवस उमगली नव्हती. गावाबाहेरच्या अरुंद रस्त्याने चालताना समोरून गाडी आली की ड्रायव्हर स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो. हात नाही, फक्त तर्जनी, तीही इंचभर. मला वाटलं, मी रस्त्याच्या चुकीच्या बाजूला आहे म्हणून खुणावतात. मी बाजू बदलली, तरी बोट वर! मग ऑफिसमधल्या एका काकांनी समजावलं की हा त्यांचा रामराम. ओळख असायला हवी असं नाही. ट्रॅक्टरवाला करतो, पोस्टमन करतो. मोठ्या हमरस्त्यावर कोणी करत नाही, शहरात तर नाहीच. आणि उत्तरही एवढंच द्यायचं, पूर्ण हात हलवला की समोरचा आपण कोण ते आठवत बसतो. आता मीही बोट उचलते. त्या दिवशी परकं वाटत नाही.

बाबा, आता तुमच्यासाठी. मी आले त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं, "वावर घेऊन विमानतळाच्या नावानं शेवटी उगवतं काय?" तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. योगायोग असा की मिहानसारख्या करसवलतीच्या झोनचं मूळ जिथे मानतात तिथेच, शॅननला, मी नोकरीला आहे. आपल्याकडे म्हणतात, ही चीनची नक्कल. पण 1980 साली चीनचे अधिकारी हे बघायला इथे आले होते, त्यांत पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जियांग झेमिन होते.

त्याआधीची गोष्ट अशी. अटलांटिक ओलांडणाऱ्या पंख्याच्या विमानांना इंधनासाठी इथे उतरावंच लागायचं. 1947 मध्ये कायदा करून हा विमानतळ जकातमुक्त केला, त्याच वर्षी ड्यूटी फ्री दुकान निघालं. मग जेट विमानं आली आणि इथे न थांबता डोक्यावरून जाऊ लागली. विमानतळ ओस पडणार, माणसं गाव सोडणार, ही धास्ती. ब्रेंडन ओ'रेगन नावाच्या इथल्याच माणसाने ते ड्यूटी फ्री दुकान काढलं होतं. त्याच्याच पुढाकाराने 1959 मध्ये धावपट्टीला लागून मुक्त क्षेत्र झालं. कच्चा माल विमानाने आणा, वस्तू बनवा, बाहेर पाठवा, जकात नाही, कर माफ. आणि मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: कारखान्यांच्या जोडीने कामगारांसाठी घरं बांधली. दलदल होती तिथे 1960 नंतर नवं गाव वसलं, आता सुमारे 10 हजार वस्तीचं. मी राहते ते हेच.

ती खास करसवलत कधीच संपली. तरी कंपन्या गेल्या नाहीत, कारण काम येणारी माणसं इथेच घर करून राहिली होती. 1975 मध्ये इथे विमानं भाड्याने देणारी एक कंपनी निघाली. ती पुढे कोसळली, पण तिथे शिकलेल्यांनी आपापल्या कंपन्या काढल्या. म्हणून आज जगातल्या भाड्याच्या विमानांचा मोठा कारभार आयर्लंडमधून चालतो, आणि त्यातच माझी नोकरी.

माझं काम काय ते आईला नीट सांगता येत नाही, म्हणून बाबांच्या भाषेत सांगते: मी विमानांचे सातबारे तपासते. भाड्याचं विमान परत आलं की इंजिनातल्या ठरावीक भागांचा पहिल्या उड्डाणापासूनचा हिशोब लागतो. कुठे बसवला, किती उड्डाणं झाली, कोणी काढला. मधला एक कागद हरवला तर धडधाकट भागही भंगारात जातो. मोबदल्याच्या वेळी एका फेरफारापायी तुम्ही घातलेल्या तहसीलच्या चकरा मला रोज आठवतात. त्याच चकरांत मी कागद वाचायला शिकले, बाबा.

आपली जमीन दलदल नव्हती, काळी होती, संत्र्याची होती. त्यामुळे दोन्हींची बरोबरी मी करणार नाही. पण झोन वाईटच असतो असंही आता म्हणवत नाही. आपल्याकडे कुंपण आधी आलं, माणसांचा विचार मागे राहिला. माझा राग त्यावर आहे. तुमच्या वावराच्या पैशांनी मी शिकले आणि दुसऱ्यांच्या विमानतळाशी येऊन बसले, हेही मनातून जात नाही.

पैसे 5 तारखेला जमा होतील. कर्जाचे चारच हप्ते राहिले. उरलेल्या मोबदल्याला हात लावू नका. विमानतळाजवळच्या प्लॉटिंगवाल्याला मला कागद दाखवल्याशिवाय टोकन देऊ नका, तो कितीही जवळचा असो. यंदाही महालक्ष्म्यांना येणं होत नाही, त्याच आठवड्यात एक विमान परत येतंय. आई, रागावू नकोस, साडीचे पैसे वेगळे पाठवते.

ट्रंकेत वावराचा जुना सातबारा आहे, बाबांच्या नावाचा. त्याचा फोटो पाठवा. मला जवळ ठेवायचा आहे.

तुमची,
छोटी

ता. क. अमरावतीच्या स्थळाचं टाळलं असं वाटेल, म्हणून लिहिते. मुलगा चांगला आहे. मी पुढच्या रविवारी त्याच्याशी बोलेन, पण हो-नाहीचं त्याच दिवशी विचारू नका. नोकरी सोडून परत ये म्हणणार असेल, तर मी नाही म्हणेन. हे बाबांना तूच सांग, आई.