बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

आई, बाबा,

परवा फोनवर बाबा म्हणाले, "भिंतीवर लाईट नाचवू राहिली तू, आन त्याचा पगार कोन देऊ राहिलं?" तेव्हा सेटअप चालू होता म्हणून हसून ठेवला फोन. बाबा, तुमची सगळी नोकरी वरणगावच्या फॅक्टरीत काडतुसांत गेली ना, तर माझं काम, म्हणजे समोरच्यानं हात हलवला की भिंतीवरचे लाईट हलतील असं करायचं, तुमच्याच भावकीतलं आहे, खरंच.

माणसानं हात दाखवला की मशीननं लगेच ओ द्यायची, ही गंमत काही कलावाल्यांनी नाही काढली. 1950 च्या दशकात रशियाची बॉम्बर विमानं येतील म्हणून अमेरिकेनं सेज नावाची सिस्टीम उभी केली, त्यात रडारवरचं विमान स्क्रीनवर ठिपक्यासारखं दिसायचं, ऑपरेटर पिस्तुलासारखी लाइट गन त्यावर धरून चाप ओढायचा की कॉम्प्युटरला कळायचं कुठलं विमान ते. उत्तर तिथल्या तिथे पाहिजे हा हट्ट तिथला, कारण उशीर म्हणजे बॉम्ब. जॉन व्हिटनी नावाच्या माणसानं तर महायुद्धातलं तोफांचा नेम धरायचं यंत्र लष्कराच्या भंगारातून घेतलं आणि त्यावर रंगीत नक्षीच्या फिल्म केल्या. बाबा, तुम्ही असता तर तुम्हीही उचललं असतं ते.

आई, हे तुला सांगायचंय. वफा बिलाल नावाचा कलाकार मूळचा इराकचा, त्याचा भाऊ 2004 मध्ये अमेरिकेच्या हल्ल्यात गेला. 2007 मध्ये हा शिकागोच्या एका गॅलरीत महिनाभर राहिला, खोलीत रंगाच्या गोळ्या मारणारी पेंटबॉलची बंदूक, आणि जगात कुणीही घरबसल्या इंटरनेटवरून ती त्याच्यावर झाडायची. 60,000 च्या वर गोळ्या झाडल्या लोकांनी! पण काही अनोळखी लोक आळीपाळीनं बंदूक बाजूला वळवून धरून बसायचे, त्याला लागू नये म्हणून. आमच्या कामातले लोक म्हणतात की इंटरॅक्टिव्ह केलं, म्हणजे प्रेक्षकानं काही केलं की काम हलतं असं केलं, की सत्ता प्रेक्षकाकडे जाते, मला नाही पटत, चापापर्यंतचं सगळं बनवणारा ठरवतो आणि आपल्या वाट्याला फक्त बोट येतं, तरी या लोकांनी त्याच बोटानं बंदूक फिरवलीच ना.

माझ्या भिंतीत मी मुद्दाम उशीर टाकलाय, हात हलवला की काही सेकंद काहीच होत नाही. क्लायंटला वाटतं बिघडलंय. असू दे, लढाईतली घाई इथं कशाला?

बाबा, एक विचारायचं राहिलंय. तुमच्याकडून पेटी पॅक होऊन निघाली की ती कुठे जाते हे तुम्हाला कुणी कधी सांगायचं का? आई म्हणेल काहीही विचारते. थंडीत भरिताला येतेच आहे, तेव्हा बोलू, फोनवर नको.

तुमची,
छोटी