प्रेमाचे ते वाक्य आणि त्यामागचे प्रवचन

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील लेखात ‘प्रेम कर आणि मग तुला हवे ते कर’ हे संत ऑगस्टीन यांचे वाक्य मनाला मोकळीक देणारे वचन म्हणून उद्धृत केले आहे. ते ज्या प्रवचनातून घेतले आहे त्यात मोकळीक हा विषयच नाही. कृतीमागचा हेतू कसा पारखावा, हा त्याचा विषय आहे. वाचकांपुढे हा संदर्भ यावा, म्हणून हे पत्र.

ऑगस्टीन हे उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचे, म्हणजे आजच्या अल्जीरियातील अन्नाबाचे, बिशप. बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानावर, म्हणजे येशूच्या चरित्रकथनावर, त्यांची प्रवचने चालू होती, परंतु इ. स. ४०७ च्या सुमारास ईस्टरचा सप्ताह आला आणि त्या दिवसांत शुभवर्तमानातील ठरलेलेच उतारे वाचायचे असल्यामुळे त्यांनी मधल्या काळासाठी योहानाचे पहिले पत्र निवडले. ‘देव प्रीती आहे’ हे वचन याच पत्रातले. त्यावर त्यांनी दिलेली दहा प्रवचने आज उपलब्ध आहेत, आणि लेखात उद्धृत केलेले वाक्य त्यांपैकी सातव्या प्रवचनात येते.

त्या वाक्याच्या आधी ऑगस्टीन श्रोत्यांपुढे एक अवघड प्रश्न ठेवतात. पित्याने, म्हणजे देवाने, पुत्राला, म्हणजे येशूला, मरणाच्या स्वाधीन केले, पुत्राने स्वतःला स्वाधीन केले आणि येशूला पकडून देणारा शिष्य यहूदा यानेही गुरूला स्वाधीनच केले. मग कृती एकच असताना पित्याला आपण धन्यवाद का देतो आणि यहूदाचा धिक्कार का करतो? त्यांचे उत्तर असे की, कृतीवरून माणूस ओळखता येत नाही, ती कोणत्या मुळातून उगवली ते पाहावे लागते. बाप मुलाला मारतो आणि गुलामांचा व्यापारी त्याला गोंजारतो, हे उदाहरण ते यासाठीच देतात. (बापाचा मार आजच्या वाचकाला खटकेल, आणि तो खटकायलाच हवा.) त्यानंतर ते प्रसिद्ध वाक्य येते आणि लगेच त्याचे स्पष्टीकरणही येते: गप्प राहशील तर प्रेमाने गप्प राहा, बोलशील तर प्रेमाने बोल, चूक दाखवशील तर प्रेमाने दाखव, क्षमा करशील तर प्रेमाने कर. आठव्या प्रवचनात तर ते दानधर्मालाही ही कसोटी लावतात. भुकेल्याला भाकर देणे चांगले, पण कोणी भुकेलाच नसता तर अधिक चांगले, असे सांगून ते विचारतात, की देणाऱ्याला घेणाऱ्यापेक्षा मोठे व्हायचे आहे की त्याला आपल्या बरोबरीचा झालेला पाहायचे आहे? शास्त्रवाचनावरील आपल्या ग्रंथात त्यांनी स्पष्ट लिहिले आहे, की ज्या अर्थाने देवावरील आणि शेजाऱ्यावरील प्रीती वाढत नाही, तो अर्थ लावणाऱ्याला शास्त्र अजून समजलेलेच नाही. आरंभीच्या ख्रिस्ती प्रवचनपरंपरेत मला याहून मोलाचे काही आढळलेले नाही.

परंतु याच विचाराची दुसरी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. ही प्रवचने ज्या काळात झाली, तेव्हा आफ्रिकेतील चर्च दोनॅटिस्ट पंथाच्या फुटीने दुभंगलेले होते. रोमन सत्तेने ख्रिस्ती लोकांचा छळ केला त्या काळात धर्मग्रंथ सरकारी अधिकाऱ्यांच्या हवाली करणाऱ्या धर्मगुरूंचे संस्कार या पंथाला मान्य नव्हते. प्रीती असेल तर एकी मोडणार नाही, हा ऑगस्टीन यांचा युक्तिवाद या पंथालाच उद्देशून होता. पुढे सुमारे ४०८ मध्ये दोनॅटिस्टांतूनच फुटलेल्या एका गटाचे बिशप व्हिन्सेंटियस यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी मान्य केले, की कोणालाही बळाने चर्चमध्ये आणू नये असे आपले पूर्वीचे मत होते; परंतु बादशाही कायद्यांच्या धाकाने आपलेच जन्मगाव दोनॅटिस्ट पंथ सोडून चर्चमध्ये परतलेले पाहून ते बदलले. मारणारा प्रत्येक जण शत्रू नसतो, हा विचार आता कायद्याच्या बडग्याचे समर्थन करण्यासाठी आला. देहदंडाला त्यांचा विरोध कायम होता, तरी पुढील शतकांत धर्माच्या नावाने सक्ती करणाऱ्यांनी त्यांचाच आधार घेतला. हेतू शुद्ध असल्याचा निर्वाळा कर्त्यानेच द्यायचा ठरला आणि ज्याच्यावर कृती होते त्याला विचारलेच नाही, तर प्रेमाच्या नावावर काहीही खपते. हा धोका त्या वाक्यातच आहे, असे माझे मत आहे.

म्हणून आपणास विनंती आहे, की यापुढे हे वाक्य छापताना यहूदाविषयीचा तो प्रश्नही सोबत द्यावा, आणि शक्य झाल्यास व्हिन्सेंटियस यांना लिहिलेल्या पत्राचा मराठी सारांश पुरवणीत प्रसिद्ध करावा.

आपला,
एक वाचक, वसई