डॉक्टर मॅडम, तुम्ही खुर्ची उचललीत त्याबद्दल

नमस्कार मॅडम,

तुमचं नाव इथे लिहीत नाहीये, तुम्हाला आवडणार नाही, आणि आमच्या ह्यांचं लिहिलं तर घरात भांडण होईल. पण वाचलंत तर लगेच ओळखाल. वय ७४, डाव्या कानाने जवळजवळ बहिरे, हृदयात स्टेंट, प्रोस्टेटचा कॅन्सर, पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) आठच्या थोडा वर, बायोप्सीत ग्लीसन (पेशी किती आक्रमक ते सांगणारे गुण, बेरीज जास्त तेवढं वाईट) ३+४, आणि शेजारी सगळे रिपोर्ट पिशवीत घालून छातीशी धरून बसलेली बायको. ती मी.

तुमच्याआधी ज्यांच्याकडे गेलो होतो त्यांच्याबद्दल थोडं बोलतेच, पोटात ठेवून बसले तर मला झोप लागायची नाही. मोठे सर्जन, हात चांगला असेलही, मी नाही म्हणत नाही. पण ते सगळं बोलले ते आमच्या मुलाशी. पेशंट समोर बसलाय, शुद्धीवर आहे, आयुष्यभर स्वतःचे निर्णय स्वतः घेतलेला माणूस आहे, आणि हे मुलाला सांगतायत की बाबांचं प्रोस्टेट रोबोटिक ऑपरेशनने काढून टाकू, पुढच्या आठवड्यातली तारीख देतो. ह्यांनी विचारलं की दुसरं काही करता येतं का, तर उत्तरही मुलालाच, "कॅन्सर आहे, ठेवून काय करायचाय?" झालं. घाबरलेल्या माणसाला ह्याच्यापुढे काय सुचणार. मग घरात मुलगा म्हणतो काढून टाका, सून म्हणते रेडिएशन बरं, दीर म्हणतात ह्या वयात हातच लावू नका, आणि ज्याचं शरीर तो रात्रभर छताकडे बघत गप्प.

तुमच्याकडे आलो तेव्हा मला वाटलं हेही तसंच होणार. तुम्ही बोलायला लागलात आणि ह्यांनी मान जरा वळवली, उजवा कान पुढे करायला, तशी ते नेहमीच वळवतात, घरात आम्हाला आता ते दिसतही नाही. तुम्हाला दिसलं. तुम्ही थांबलात, टेबलामागची तुमची खुर्ची स्वतः उचललीत, फिरून ह्यांच्या उजव्या बाजूला आणून ठेवलीत आणि म्हणालात, "काका, आता येतंय का ऐकू? मग पहिल्यापासून सांगते." बस्स एवढंच. बाहेर पेशंटची रांग होती, नर्स दोनदा डोकावून गेली, पण बायोप्सी झाल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी ह्यांच्याशी बोलत होतं, ह्यांच्याबद्दल नाही. मुलगा मधे उत्तर द्यायला गेला तर तुम्ही हसून म्हणालात त्यांना सांगू दे. (त्याला राग आला नाही हो, उलट बिचारा सुटल्यासारखा दिसला.)

आणि तुम्ही काही गोडगोड बोलला नाहीत. ऑपरेशन केलं तर लघवीवरचा ताबा आणि नवराबायकोचे संबंध ह्यावर परिणाम होऊ शकतो, रेडिएशनमध्ये कापाकापी नाही पण लघवीची जळजळ, शौचाची घाई, कधी रक्त, आणि सोबत हार्मोनची इंजेक्शनं लागली तर थकवा आणि हाडांचा त्रास. संबंधांचा विषय निघाला तेव्हा मी जमिनीकडे बघत होते, तुम्ही नव्हता. मग तुम्ही ब्रिटनमधल्या त्या प्रोटेक्ट नावाच्या अभ्यासाचं सांगितलंत, १,६४३ पुरुषांचे तीन गट, एकाचं ऑपरेशन, एकाला रेडिएशन, एकावर नुसतं लक्ष. २०२३ मध्ये १५ वर्षांचे आकडे आले तेव्हा प्रोस्टेट कॅन्सरने गेलेले तिन्ही गटांत दोन ते तीन टक्क्यांच्या आसपासच. हे ऐकून ह्यांचा चेहरा उजळला तर तुम्ही लगेच म्हणालात काका, दुसरी बाजूही ऐका, लक्ष ठेवलेल्या गटात शंभरातल्या नऊ जणांना आजार पसरला, बाकीच्या दोन्ही गटांत पाच, आणि लक्ष ठेवलेल्यांतल्या निम्म्याहून जास्त लोकांना पुढे कधी ना कधी उपचार घ्यावेच लागले. शिवाय ती माणसं सुरुवातीला पन्नास ते एकोणसत्तर वयाची होती, तुम्ही त्यापुढचे, म्हणून तुमचं गणित जरा वेगळं.

आणि मग तुम्ही विचारलंत, "काका, ह्या सगळ्यात तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?" मला वाटलं मरणाची म्हणतील. म्हणाले, "ओलं राहायची." एवढी वर्षं संसार केला पण हे मला माहीत नव्हतं. तुम्ही ते हसण्यावारी नेलं नाहीत, ऑपरेशन झालेल्या गटात कित्येक वर्षांनंतरही चौघांत एकाला पॅड लागत होतं हे सरळ सांगितलंत, आणि ह्यांच्या बायोप्सीत चारचा, म्हणजे जास्त आक्रमक पेशींचा, भाग अगदी थोडा आहे, गाठ ग्रंथीच्या आतच आहे, त्यामुळे आत्ता लक्ष ठेवणं हा खराखुरा पर्याय आहे, सोडून देणं नाही, पीएसए दर सहा महिन्यांनी, मधे एमआरआय, लागली तर परत बायोप्सी, आणि काही बदललं तर उपचार करायचेच. "मी रेडिएशनची डॉक्टर आहे, पण आज तुम्हाला मशीनखाली घ्यायची मला घाई नाही. महिनाभर विचार करा, ह्या प्रकारात महिन्याने काही बिघडत नाही. दुसऱ्या सर्जनचं मत घ्या, मला राग येणार नाही."

स्वतःच्याच खात्याचं काम लांबणीवर टाकणारी माणसं असतात अजून!

घरी आल्यावर मी खूप विचार केला की हे चांगुलपण येतं कुठून. डिग्रीतून नक्कीच नाही, त्या आधीच्या सर्जनच्या भिंतीवर डिग्र्या मावत नव्हत्या. तुमच्या घरी कुणी कमी ऐकणारं होतं का मॅडम? की लहानपणापासूनच तुमचं लक्ष असतं समोरच्याकडे? असे लोक फार नसतात पण असतात, बँकेत म्हाताऱ्या माणसाला फॉर्म परत देताना कुठे सही राहिली ते बोटाने दाखवणारे, लिफ्टचं दार धरून ठेवणारे, आणि त्यांना स्वतःला कळतही नाही आपण काही केलं म्हणून. तुम्हालाही ती खुर्ची आठवत नसेल, पैज लावते.

महिनाभर विचार करून ह्यांनी लक्ष ठेवायचं ठरवलं. ह्यांनी, आम्ही नाही. मुलाला अजून धाकधूक आहे, मलाही रिपोर्टच्या आदल्या रात्री असतेच, पण हे शांत झोपतात, घोरतात सुद्धा.

आता एक तक्रार. हे स्वतःला अर्धे डॉक्टर समजायला लागलेत. ओळखीत कुणाचं प्रोस्टेट निघालं की फोन करून सांगतात, काही करू नका, नुसतं लक्ष ठेवा, तीन टक्के तीन टक्के. परवा एकाचा ग्लीसन आठ निघाला तर त्यालाही तेच सांगायला निघाले होते, मी हातातून फोन काढून घेतला. माझं काही ऐकायचे नाहीत ते. पुढच्या वेळी आलो की तुम्हीच जरा दम द्या, उजव्या कानात.